सही जुळत नाही

बँकेतल्या कारकुनाला आवडनिवड नसते, असा लोकांचा एक समज आहे. तो बराचसा खरा आहे. काउंटरच्या पलीकडे उभी असलेली सगळी माणसं आम्हांला सारखीच वाटतात. म्हणजे सगळ्यांकडे आम्ही कपाळावरच्या एकाच आठीतून पाहतो. राज्यघटनेतली समता प्रत्यक्षात कुठे पाहायची असेल, तर सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या शाखेत यावं. तिथे शेठजीही उभे असतात, शेठजींचा ड्रायव्हरही उभा असतो, आणि ‘सिस्टिम बंद आहे’ हे वाक्य दोघांनाही सारख्याच आवाजात ऐकवलं जातं.

असा मी बावीस वर्षं अत्यंत निःपक्षपातीपणे लोकांना परत पाठवत आलो. मागच्या वर्षी एका मंगळवारी मात्र माझ्या निःपक्षपातीपणाला तडा गेला. काउंटरपलीकडे माझ्या लहानपणचा लाडका खेळाडू येऊन उभा राहिला आणि त्याच्या चेकवरची सही जुळेना.

पण ही गोष्ट कळायला हवी तर आधी तुम्हांला माझ्याबरोबर मच्छीमार नगरला यायला हवं.

‘कफ परेडला राहतो’ असं म्हटलं की समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. ‘कफ परेडच्या मच्छीमार नगरात’ असं पुरं सांगितलं की तो पुन्हा सैल होतो. उंच उंच इमारती, आणि त्यांच्या पायाशी आमची वस्ती: होड्या, जाळी, दोरीवर वाळणारे बोंबील. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना समुद्र दिसतो. आम्हांला त्याचा वास येतो. समुद्र एकच, हप्ते वेगळे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ते दहा अतिरेकी रबरी होडीतून इथेच उतरले आणि साऱ्या देशाला आमचा पत्ता पाठ झाला. त्याआधी तो आमच्या नातेवाइकांनाही धड सापडत नसे.

आम्हां पोरांच्या लेखी मात्र वस्तीचं महत्त्व निराळ्याच गोष्टीत होतं. इथून कुपरेजचं मैदान चालत वीस मिनिटांवर होतं. पळत गेलं तर दहा, आणि बाप मागे लागला असेल तर सात.

कुपरेज म्हणजे फुटबॉल आणि फुटबॉल म्हणजे रोव्हर्स कप. 1891 साली सुरू झालेली ही स्पर्धा. वस्तीतली म्हातारी माणसं जाळी विणता विणता तिच्या गोष्टी सांगत. हैदराबाद सिटी पोलीस संघानं 1950 पासून 1954 पर्यंत ओळीनं पाच वर्षं हा कप नेला, ही हकिकत मी इतक्या वेळा ऐकली की, पोलिसांनी एखादी वस्तू एकदा नेली की ती लवकर परत मिळत नाही, हे ज्ञान मला लहानपणीच झालं. आणि मग नेव्हिल डिसूझा! मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या या माणसानं 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या वर्षी चौथा आला. हे सांगताना म्हाताऱ्यांचा हात जाळ्यावरच थांबत असे.

पण खरं सांगायचं तर आमचा जीव या मोठ्या संघांत नव्हता. ते कलकत्त्याहून, गोव्याहून यायचे आणि खेळून जायचे. पाहुण्यावर प्रेम करता येतं, पण हक्क सांगता येत नाही. आमचा हक्क होता तो जवळच्याच एका कॉलेजच्या संघावर. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्या कॉलेजची माणसं ‘आमच्यात असा कोणी नव्हताच’ म्हणून भांडतील आणि बाकीच्या कॉलेजांची ‘तो आमच्यातलाच’ म्हणून. शिवाय पुढे तो आमचा खातेदार झाला, आणि खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं हे एकच व्रत मी आजवर मोडलेलं नाही. (एकादशी दोनदा मोडली आहे, दोन्ही वेळा पापलेटनं.)

कॉलेजचा खेळ म्हणजे पोरखेळ, असं कोणी समजू नये. या शहरात तो नेहमीच गांभीर्यानं घेतला गेला आहे. क्रिकेटमध्ये आमच्या स्टेट बँकवाल्या अजित वाडेकरांनी मुंबई विद्यापीठाकडून 324 धावा ठोकल्या, तर पुढे गावसकरांनी त्याच विद्यापीठाकडून 327 काढून तो हिशेब तीन धावांनी ओलांडला. (वाडेकर स्टेट बँकेतले आणि मी दुसऱ्याच बँकेतला. पण मोठ्या माणसाला ‘आमचा’ म्हणताना आम्ही बँकवाले शाखा बघत नाही.) फुटबॉलच्या वाट्याला एवढं कौतुक आलं नाही. त्यामुळेच असेल, आमच्या कॉलेजच्या संघाला प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे मित्र, मित्रांच्या मैत्रिणी आणि मच्छीमार नगरची आम्ही पाच पोरं.

हा संघ संध्याकाळी ओव्हलवर सराव करायचा. आम्ही पाचांनी त्याचे अकरा खेळाडू आपसांत वाटून घेतले. म्हावऱ्याचे वाटे घालतात तसे रीतसर वाटे घातले. प्रत्येकाला दोन आले, एक उरला. उरलेला होता गोलकीपर. तो कोणालाच नको होता, म्हणून आमच्यातल्या सर्वांत किरकोळ पोराच्या गळ्यात बांधला. त्या हंगामात या गोलकीपरनं एका सामन्यात चार गोल खाल्ले. परतताना आम्ही त्या पोराला म्हटलं, “बदल रे तुझा खेळाडू.”

तो चालता चालता थांबला. म्हणाला, “आईच्या कालवणात एक दिवस मीठ नसलं तर आई बदलतो काय?”

लाडकेपणाची याहून नेमकी व्याख्या मी पुढे कुठे वाचली नाही. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात तर ती मुळीच नव्हती. तिथे मालाची किंमत गुणावर आणि मागणीवर ठरते, असं शिकवलं. लाडका खेळाडू हा एकच माल असा, की ज्याची किंमत आधी ठरते आणि गुण मागाहून शोधावे लागतात.

माझ्या वाट्याला आलेला माझा लाडका डावीकडून खेळायचा. त्याचा डावा पाय! उजवा पाय त्यानं फक्त उभं राहण्यापुरता ठेवला होता. चेंडू डाव्या पायाशी आला की तो अंग असं काही तिरकं करायचा, की समोरचा बचाववाला रिकाम्या जागेला सलाम करून बसे. मी त्याच्यासारखं चालायला लागलो. आईला वाटलं पायात काच गेली. तिनं तीन दिवस हळद बांधली. मी बांधून घेतली, पण चाल सोडली नाही.

मग तो कुपरेजवरचा अंतिम सामना आला. बरोबरी, शेवटची काही मिनिटं, आणि आमच्या संघाला पेनल्टी. मारायला कोण? माझाच माणूस. त्यानं चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, धावत आला आणि डाव्या पायानं असा काही हाणला, की चेंडू गोलवरून जो उडाला तो थेट मंत्रालयाच्या दिशेनं. त्या दिशेला गेलेली वस्तू लवकर परत येत नाही. सामना आम्ही हरलो.

सगळे निघून गेल्यावर तो एकटाच बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. मी जवळ गेलो. खिशात पाढ्यांची वही होती. शाळेतून तसाच आलो होतो. सतराच्या पाढ्याचं पान पुढे केलं आणि म्हटलं, “सही द्या.”

त्यानं वर पाहिलं. डोळे लाल होते. “आज कशाला? आज तर मी घालवली मॅच.”

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, “कालवणात मीठ नव्हतं.”

तो काहीही न कळून हसला आणि सही केली. लांबलचक, शेवटी शेपटी वर नेणारी. सतरा सक त्या शेपटीखाली झाकलं गेलं, आणि सतरा सक किती हे मला आजही चटकन सांगता येत नाही. सुदैवानं बँकेत यंत्र आहे.

मधली वर्षं भरभर गेली. रोव्हर्स कप 2000-01 नंतर झालाच नाही. आमच्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 साली तो संघही बंद झाला. माझ्या लाडक्याला फुटबॉलच्या जोरावर एका ऑफिसात नोकरी लागली होती. पुढे त्या ऑफिसनं संघ मोडला आणि टेबल मात्र ठेवलं. मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो. आमच्या पाचांतले दोघे समुद्रावर राहिले, एक आखातात गेला आणि तो गोलकीपरवाला अकाली वारला. आईचं कालवण अजून कधी अळणी झालं की मला त्याची आठवण होते.

आणि मग तो मंगळवार. काउंटरवर एक चेक आला. मी सवयीनं पडद्यावर नमुन्याची सही काढली. लांबलचक, शेवटी शेपटी वर गेलेली. मान वर करून पाहिलं. केस पांढरे, चेहरा जरा एका बाजूला ओढलेला, आणि उजवा हात काउंटरवर ठेवला होता तो आपला आपण थरथरत होता. चेकवरची सही म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगी चालली असावी तशी. पंचवीस हजारांचा चेक होता.

“झटका येऊन गेला,” तो म्हणाला. “उजवी बाजू गेली जरा. औषधांना पैसे हवेत.”

सही जुळत नव्हती. आंधळ्यालाही कळलं असतं. पण या सहीचा मूळ नमुना बँकेकडे यायच्या कितीतरी आधी माझ्याकडे होता, घरच्या ट्रंकेत, सतराच्या पाढ्यावर! हा माणूस तोच आहे, हे सांगायला माझ्याइतका लायक साक्षीदार जगात दुसरा नव्हता. एक बटण दाबायचं होतं. कोणाला कळणार होतं?

इथे माझ्यातला नीतिमान माणूस जागा झाला. तो नेहमी अशाच गैरसोयीच्या वेळी जागा होतो. प्रमोशनच्या परीक्षेच्या वेळी घोरत असतो. त्यानं मला द्रोणाचार्यांची आठवण करून दिली. अर्जुन लाडका. त्याच्याहून सरस कोणी होऊ नये म्हणून गुरुजींनी एकलव्याचा अंगठा कापून घेतला. म्हणजे लाड एकाचा आणि अंगठा दुसऱ्याचा. एकाला झुकतं माप दिलं की तराजूचं दुसरं पारडं कोणाच्या तरी डोक्यावर आदळतंच.

विल्यम गॉडविन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं 1793 साली असाच पेच घातला होता. घराला आग लागली आहे. आत एक थोर लेखक आहे आणि एक मोलकरीण आहे. एकालाच वाचवता येईल. कोणाला वाचवाल? गॉडविन म्हणाला, लेखकाला. कारण जगाला त्याचा उपयोग जास्त. आणि ती मोलकरीण तुमची बायको किंवा आई असली तरीही लेखकालाच. ‘माझी’ या शब्दानं न्याय बदलत नाही. हे मी एकदा घरी वाचून दाखवलं. बायको शांतपणे म्हणाली, “त्याला त्या दिवशी घरात जेवायला कोणी वाढलं?”

तर एका बाजूला द्रोणाचार्य आणि दुसऱ्या बाजूला गॉडविन. एकजण लाडासाठी अंगठा घेतो, दुसरा न्यायासाठी आई जाळायला निघतो. मध्ये मी, आणि मागे लागलेली सतरा माणसांची रांग. सतराच! नशिबाला विनोदबुद्धी असते.

मी बटण दाबलं नाही. चेक परतही केला नाही. मी बावीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली: माझ्या लाडक्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि नियम शोधायला बसलो.

आणि काय सांगू वाचकहो, नियम होता! रिझर्व्ह बँकेनं वृद्ध, आजारी आणि अपंग खातेदारांसाठी केव्हाचाच लिहून ठेवलेला. ज्याला सही करता येत नाही त्याच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा. बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांनी तो ओळखावा. त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. आणि पुढे, हाताचाच नव्हे तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालेल! मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. तेवढा वेळ खुर्चीत गप्प बसलेला माझा माणूस एकदम सरळ झाला.

“डाव्या पायाचा चालेल?”

मॅनेजरसाहेब चष्म्यावरून पाहू लागले. मी म्हटलं, “चालेल, पण गरज नाही. पुरुषांचा डाव्या हाताचाच अंगठा घ्यायची पद्धत आहे.”

“डावा ना? मग नेम चुकणार नाही,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “एकदाच चुकला होता.”

मला सगळं सांगावंसं वाटलं: पाढ्यांची वही, हळद, मीठ. मी एवढंच म्हटलं, “मी होतो त्या दिवशी. तुमची सही घेतली होती.” त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याला काही आठवलं नाही. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि मला वाईट वाटू नये म्हणून तो ‘हो हो’ म्हणाला, तेही दिसत होतं. साहेबांनी साक्ष घातली, दुसरी ओळखीच्या एका जुन्या खातेदारानं. पैसे घेऊन तो गेला. एक पाय जरा ओढत. उजवा.

त्या संध्याकाळी मी तरंगत घरी निघालो. नियम मोडला नाही आणि लाडक्यालाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही. द्रोण आणि गॉडविन या दोघांनाही एकाच दिवशी हरवणारा मच्छीमार नगरचा मी पहिलाच कारकून असेन. वस्तीच्या तोंडाशी एक मावशी मासळीची रिकामी पाटी धुवत बसली होती. मला बघून तिनं मान फिरवली.

आणि मला आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी हीच मावशी माझ्या काउंटरवर तीनदा आली होती. पहाटे ससून डॉकवर माल घ्यायचा, घरोघर विकायचा आणि उरलेल्या वेळात बँक. बर्फात हात घालून घालून तिची बोटं आखडली होती. सही जुळत नव्हती. मी तीनही वेळा पैसे काढायचा फॉर्म परत सरकवला. “सही जुळत नाही मावशी, नीट करून आणा.” नियम तेव्हाही होता. त्याच कपाटात, त्याच फायलीत. मी ते कपाट उघडलं नव्हतं, कारण मावशीला डावा पाय नव्हता. म्हणजे कुपरेजवरचा नव्हता.

मग माझ्या लक्षात आलं की, अंगठा मागायला द्रोणाचार्यच व्हावं लागतं असं नाही. अंगठा न मागणारा कारकूनही चालतो. लाडक्यासाठी मी काहीच गैर केलं नव्हतं. गैर केलं होतं ते जे लाडके नव्हते त्यांच्या बाबतीत, आणि तेही निःपक्षपातीपणे, बावीस वर्षं. मी ज्याला समता म्हणत होतो ती सगळ्यांना सारखंच न पाहण्याची सोय होती. त्या मंगळवारी मी प्रथमच एका खातेदाराला धड पाहिलं, आणि ते मला शिकवलं लाडानं. मग लाड वाईट कसा म्हणायचा? वाईट इतकंच, की मी तो एका माणसावर थांबवला.

दुसऱ्या दिवशी गर्दी नसलेली वेळ सांगून मी मावशीला बँकेत बोलावलं. मोठ्या उत्साहानं तिला अंगठ्याचा नियम समजावला, शाईचा पॅड पुढे केला. तिनं पॅडकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“अंगठा नाय देनार. सही शिकायला मी तीन म्हयने रातच्या वर्गाला गेले व्हते.”

नियम एकच, पण एकाला जी सवलत, तो दुसऱ्याचा अपमान. हेही फायलीत लिहिलेलं नसतं. समोरच्या चेहऱ्यावर असतं. मी पॅड बंद केला आणि नमुन्याच्या सहीचा नवा फॉर्म काढला. म्हटलं, “मावशी, आता येते तशी करा. हीच यापुढे तुमची सही.” तिनं पदराला हात पुसले आणि दहा मिनिटं खर्चून, जीभ दातांत धरून सही केली. वाकडी, थांबत थांबत गेलेली. पण शेवटच्या अक्षरावरची रेघ अशी ठसक्यात ओढली, की मला सतराच्या पाढ्यावरची शेपटी आठवली.

उठता उठता ती म्हणाली, “तो फुटबॉलवाला तुझा कोन रं? काल खुर्ची दिलीस म्हनं, चहा पाजलास.”

वस्तीत बातमी आमच्या सिस्टिमपेक्षा वेगानं पोचते. मी म्हटलं, “कोणी नाही मावशी. लहानपणी आवडायचा.”

“आनि तू?” मावशी म्हणाली. “आयनं मांदेलीला धाडलं की वाट्यावर मूठभर जास्त कोनाला टाकायचे मी? सगळ्या पोरांत तुलाच.”

मला काही आठवेना. मी ‘हो हो’ म्हणालो. तिला ते बरोबर कळलं असणार.

द्विनोंदी पद्धतीचा पहिला नियम आम्हांला कॉलेजात घोकायला लावला होता: प्रत्येक नावे रकमेच्या समोर कुठेतरी तेवढीच जमा असते. मी आजवर फक्त माझी एकच बाजू लिहीत आलो, मला कोण कोण आवडलं ती. दुसऱ्या बाजूला, माझ्या नकळत, कोणीतरी मूठमूठ मांदेली जमा करत होतं. ती रक्कम व्याजासकट किती झाली असेल, याचा मी अजून हिशेब करतो आहे. सही मात्र आता मी जरा वर मान करून तपासतो.